पावणेपाच युरोंचा फरक

"एम.एस.ला कुठं जायचं ठरवलंयस?" असं मी कन्येला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आखेन."

मी म्हटलं, "आख बाई, पण लवकर आख. कर्जाचे कागद करायला वेळ लागतो."

"बाबा, आखेन हे गावाचं नाव आहे. जर्मनीत आहे."

तर अशा रीतीनं आमच्या घरात आखेनचा प्रवेश झाला. आता तुम्ही म्हणाल, बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नसावं? पण मी बी. कॉम. आहे. माझा भूगोल डोंबिवलीला सुरू होतो आणि व्ही.टी.ला संपतो. (व्ही.टी.चं नाव बदलून किती वर्षं झाली, पण आमच्या सात बेचाळीसला अजून कुणी कळवलेलं नाही.) त्या दिवशी नकाशा काढून बघितला. जर्मनीच्या पार पश्चिमेच्या कडेला, बेल्जियम आणि हॉलंड यांना खेटून हे गाव आहे. गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं. अशा गावांना तिकडे नावाआधी 'बाड' लावतात. बाड म्हणजे स्नान. पण आखेनवाले ते लावत नाहीत. लावलं तर यादीतला पहिला नंबर जाईल, म्हणून लावत नाहीत म्हणे. हे कळल्यावर मला गावाबद्दल एकदम आपुलकी वाटली. हजेरीपटात पहिलं नाव असण्याची किंमत कारकुनालाच कळते.

हल्ली कारकुनाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पगार तोच, पाटी लांब. या असोसिएटानं कित्येक वर्षं कर्जाच्या टेबलावर बसून लोकांच्या पोरांना परदेशी धाडलं. "पालकांचं उत्पन्न? तारण काय देताय? जामीन कोण?" हे प्रश्न मी कितीजणांना, चष्म्यावरून बघत विचारले असतील, याचा हिशेब नाही. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतं, हे वाक्य तर झोपेतसुद्धा म्हणेन. तेच वाक्य टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ऐकलं, तेव्हा ते किती कोरडं आहे हे कळलं. वन बीएचके तारण पडला. सौ.नं त्या दिवशी घरातल्या भिंतींवरून एकदा हात फिरवला आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली.

जर्मनीत सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नाही, हे खरं. पण शिक्षण फुकट असलं तरी पोट फुकट नसतं. विद्यार्थ्यानं तिकडे पोहोचायच्या आधीच वर्षभराच्या खर्चाचे पैसे एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावे लागतात. २०२५ साली ही रक्कम ११,९०४ युरो होती. आपले बारा लाखांच्या घरात. ते खातं महिन्याला ९९२ युरो सोडतं, एक सेंट जास्त नाही. एवढं शिस्तीचं खातं मी अख्ख्या नोकरीत पाहिलेलं नाही. त्या ९९२मध्ये खोलीचं भाडं, विमा, फोन, पुस्तकं आणि जेवण. म्हणून सप्टेंबरात विमानतळावर मी कन्येला एकच उपदेश केला. इतर बाप "जपून राहा" म्हणतात. मी म्हटलं, "आठवड्याचा हिशेब लिहीत जा. शनिवारी रात्री वहीचा फोटो पाठव."

सौ. म्हणाली, "लेक चाललीय परदेशी, नि तुम्ही तिला शाखा समजताय."

पण कन्या गुणी. दर शनिवारी रात्री हिशेब यायचा. पहाटे अडीचला फोन कुईं करायचा नि मी सहाला उठून दात घासायच्या आधी टॅली करायचो. रविवारी दुपारी साडेबाराला, म्हणजे तिच्या सकाळी नऊला, व्हिडिओवर भेट व्हायची. त्या भेटीत शुक्रवार-शनिवारी कुठं गेली, काय खाल्लं, हे ती सांगायची. सौ. काय खाल्लं ते ऐकायची, मी केवढ्याला ते ऐकायचो.

ही गोष्ट २०२५ सालच्या दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारची. भाऊबीज गुरुवारी झाली होती आणि २५ ऑक्टोबरला चौथा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. तिकडच्या मुलांनी आपली दिवाळी शुक्रवारी रात्री उरकायचं ठरवलं, कारण सणवार मध्येच आला तरी तिकडे लेक्चर चुकत नाही. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात पावभाजी झाली. कोथिंबीर आणि मिरच्या तुर्की माणसाच्या दुकानातून, पाव म्हणून जर्मन बन, मसाला आईनं बांधून दिलेला. अडचण एकच होती. छताला धुराचं यंत्र बसवलेलं. जरा धूर झाला की ते किंचाळतं, आणि बंब आला तर त्याचं बिल कोण देणार? तेव्हा फोडणी अशी झाली म्हणे : एकानं खिडकी उघडायची, एकीनं यंत्राखाली उभं राहून वहीनं वारा घालायचा आणि मोहरी तडतडायच्या आत कन्येनं कांदा लोटायचा. एका फोडणीला तीन इंजिनियर लागले. आमच्याकडे सौ. एकटीच करते, तीही फोनवर बोलत.

शनिवारी सकाळी मैत्रिणीबरोबर गाव बघायला निघाली. मैत्रीण तामिळनाडूची. दोघींची समाईक भाषा इंग्रजी आणि समाईक दुःख भात नीट न होणं. आधी गेल्या एलिझेनब्रुनेन या ठिकाणी. पांढऱ्या खांबांचा देखणा मंडप आहे, आणि त्यात नळातून गरम पाणी येतं. फोटो बघून सौ.नं हात जोडले. मी विचारलं, "वास कसा आहे?"

"सडक्या अंड्यासारखा. गंधकाचा."

"म्हणजे वज्रेश्वरी!" मी ओरडलो. "अगं, त्यासाठी बारा लाख कशाला? डोंबिवलीहून एसटीनं अडीच तास!"

शार्लमेन नावाच्या सम्राटाला या गरम पाण्याची फार आवड होती आणि त्यापायीच त्यानं आपला मुक्काम इथं हलवला, असं सांगतात. संधिवातावर बदली मागून घेणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण राजधानीच हलवणारा हा पहिलाच. त्यानं बांधलेलं देऊळ, म्हणजे तिकडचं कॅथीड्रल, अजून उभं आहे. ८१४ साली त्याला तिथंच पुरलं. युनेस्कोनं १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली तीत ते होतं. आत जायला तिकीट नाही. सम्राटाचं सिंहासन बघायचं तर मात्र वाटाड्याबरोबरच्या फेरीचे पैसे पडतात. "म्हणून सिंहासन राहिलं," असं कन्येनं हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही, पण हिशेबाच्या दृष्टीनं बरंच वाटलं.

त्या देवळाची एक दंतकथा आहे, ती मात्र मी लंच टाइमला अख्ख्या शाखेला ऐकवली. देऊळ बांधता बांधता गावाचे पैसे संपले. तेव्हा सैतान आला आणि म्हणाला, मी देतो सोनं. अट एवढीच, की दारातून आत शिरणारा पहिला जीव माझा. गावकऱ्यांनी सही केली. देऊळ पुरं झालं, आता पहिला कोण शिरणार? पंच बसले, डोकं चालवलं आणि एक लांडगा पकडून आत सोडला. सैतानानं झडप घातली, बघतो तर लांडगा! एवढा भडकला, की बाहेर पडताना दार दाणकन आपटलं आणि त्याचा अंगठा दारातच तुटून राहिला. दारावरच्या सिंहाच्या तोंडात बोट घातलं तर तो अंगठा अजून लागतो म्हणे.

आमचे हेडकॅशियर हे ऐकून गंभीर झाले. म्हणाले, "केवायसी नीट केलं नव्हतं." आणि मग म्हणाले, "आपल्याकडे कर्ज घेणारा अंगठा देतो. तिथं देणाऱ्याचा गेला!"

देवळातून निघून दोघींनी प्रिंटन घेतले. प्रिंटन हा आखेनचा नामांकित खाऊ. मसाले घातलेलं बिस्कीट, पण असं कडक, की आमच्या लहानपणची गुडदाणी त्यापुढे लोणी. दुकानात मोडक्या तुकड्यांची पिशवी स्वस्तात मिळते. ती घेतली. आणि जेवण म्हणून तुर्की पद्धतीचा डोनर घेतला, एक, दोघींत. पोळीत गुंडाळलेला, आत कोबी आणि भाज्या. फोटोत तो एवढा मोठा दिसत होता, की सौ. म्हणाली, "बाई गं, संपला कसा?" मला त्या फोटोत दोन हात दोन बाजूंनी धरलेले दिसले. पण सौ.ला चष्मा नव्हता, म्हणून मी बोललो नाही.

एवढा सगळा तपशील शनिवारी दिवसभर तुकड्यातुकड्यानं येत होता. रात्रीचा हिशेब मी रविवारी सकाळी सहाला उघडला. शुक्रवारी सकाळची शिल्लक ३१.४०. पावभाजीची वर्गणी ६.२०. प्रिंटनचा चुरा ३.५०. अर्धा डोनर ३.७५. दूध आणि तांदूळ ५.४०. एकूण खर्च १८.८५. राहायला हवेत १२.५५. आणि वहीत लिहिलं होतं : शिल्लक १७.३०.

पावणेपाच युरो जास्त!

ज्यांनी बँकेत काम केलेलं नाही, त्यांना वाटेल, जास्त आहेत ना, मग रडतोस कशाला? पण कॅश कमी आली तर खिशातून भरता येते. जास्त आली तर ती कुणाची हे शोधावं लागतं, आणि ते फार वाईट. मी रीतसर शोधायला बसलो. फरकाला नवानं भाग गेला तर आकड्यांची उलटापालट झालेली असते. चारशे पंचाहत्तरला नवानं भाग जात नाही. दोनानं जात असेल तर रक्कम चुकीच्या बाजूला पडलेली असते. तेही नाही. अकरावीला शिकलेल्या सगळ्या युक्त्या संपल्या.

मग सहज पंचवीसनं भागून बघितलं. पंचवीस एकोणीसे चारशे पंचाहत्तर.

आणि मला घाम फुटला. कारण पंचवीस सेंटांत काय येतं, ते कन्येनंच पहिल्या आठवड्यात कौतुकानं सांगितलं होतं. जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली, की पावती येते आणि पैसे परत. म्हणजे एकोणीस बाटल्या. माझ्या मुलीनं एकोणीस बाटल्या आणल्या कुठून?

डोंबिवली स्टेशनवर पाठीला गोण लावून, गाडी गेल्यावर रुळांच्या कडेच्या बाटल्या वेचणारी पोरं रोज दिसतात. रोज बघतो नि रोज पेपर तोंडापुढे धरतो. त्या सकाळी पेपर आला तरी तोंडापुढे धरवेना.

सौ.नं विचारलं, "काय झालं?"

"फरक येतोय."

"किती?"

"पावणेपाच."

"रुपये?"

"युरो."

सौ. हसली, पण मी हसलो नाही हे बघून गप्प झाली आणि कारण न विचारता माझ्यासमोर दुसरा चहा ठेवला.

साडेबारा वाजले. फोन नाही. पावणेएक. एक. मी तीन मेसेज टाकले, एकावरही खूण बदलली नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी, ज्यांनी ड्रिल हे यंत्र केवळ रविवारसाठी विकत घेतलं आहे, भिंत फोडायला सुरुवात केली. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, ड्रिल चालवायची नाही, इतकंच काय, काचेची बाटली कुंडीत टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. एवढ्या शांत देशात पोरीचा फोन का लागत नाही? त्या तासात मी काय काय कल्पना केल्या, त्या इथं लिहीत नाही. त्यातल्या एकीत मी तारण ठेवलेलं घर विकून टाकलं होतं.

बरोबर दीडला फोन वाजला. कन्या ताजीतवानी, हातात चहाचा मग.

"एक तास कुठं होतीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"इथंच. नऊच वाजलेत, बाबा. आज घड्याळं मागं गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनाचे दोन करतात. आता आपल्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक. आजचा दिवस पंचवीस तासांचा आहे!"

म्हणजे अख्ख्या जर्मनीनं एक तास जास्तीचा जमा केला होता आणि तो माझ्या खात्यातून वळता झाला होता. मी एक घोट पाणी प्यायलो आणि म्हटलं, "चिमे, हिशेबात पावणेपाच जास्त आहेत."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "वाटलंच मला, तुम्ही पकडाल."

"बाटल्या?"

"हो. पार्टीनंतर कामं वाटून घेतली. कुणी भांडी, कुणी केर. माझ्या वाट्याला बाटल्या आल्या. त्या परत करायचा कंटाळा असतो ना सगळ्यांना. म्हणाले, पैसे तूच ठेव."

"एकोणीसच्या एकोणीस पार्टीतल्या?"

इथं जरा वेळ गेला. चित्र अडकलं की काय, म्हणून सौ.नं फोनला टिचकी मारली.

"अठरा," कन्या म्हणाली. "एकोणिसावी बसस्टॉपच्या बाकावर होती. कुणीतरी ठेवून गेलेलं. हात गेला, बाबा."

आता बोलायची पाळी माझी होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत काउंटरवर कधी शब्द अडला नाही.

"हिशेबात लिहायचं काय, तेच कळेना," ती म्हणाली. "म्हणून लिहिलं नाही. नुसती शिल्लक खरी लिहिली."

"किरकोळ उत्पन्न," मी म्हटलं. आवाज जेवढा ठेवता येईल तेवढा ठेवला. "त्या रकान्याला 'किरकोळ उत्पन्न' म्हणतात. उजळ माथ्यानं लिहायचं. आणि पुढच्या वेळी डोनर अख्खा खायचा."

"बरं. आता तुमचा हिशेब."

"माझा कसला?"

"तुमचा फर्स्टक्लासचा पास कुठं गेला, बाबा? सात बेचाळीसला सेकंडक्लासात लटकून जाता ना? आणि चौथ्या शनिवारची स्टेशनवरची मिसळ? ती कुठल्या रकान्यात?"

मी सौ.कडे बघितलं. सौ. अत्यंत मन लावून मेथी निवडत होती. वास्तविक पास संपला तो दिवस मी घरात सांगितलाच नव्हता. सेकंडक्लासात जुने मित्र भेटतात, एवढंच म्हटलं होतं. आणि मिसळ बंद झाली ती ॲसिडिटीमुळे, अशी माझी अधिकृत नोंद होती. पण आमच्या घरचं अंतर्गत ऑडिट माझ्या नकळत चालू असतं.

"ॲसिडिटी," मी म्हणालो.

"खोटं व्हाउचर आहे," कन्या म्हणाली. "आज संध्याकाळी आईला घेऊन मिसळ खायची. फोटो आणि हिशेब, दोन्ही पाठवायचे. नाहीतर पुढच्या शनिवारपासून माझा हिशेब बंद."

यानंतर कर्जदार कोण आणि जामीनदार कोण, हे मला नीटसं सांगता येणार नाही.

रविवारी दुकानं बंद, म्हणून दोघी डब्यात पोळीभाजी घेऊन चालत टेकडीवर गेल्या. तिथं एक खांब आहे. जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम या तीन देशांच्या हद्दी तिथं भिडतात. खांबाभोवती गिरकी घेतली, की तीन देशांचा प्रवास होतो, तोही बिनतिकीट. ही टेकडी म्हणजे हॉलंडच्या युरोपातल्या भूमीवरची सगळ्यांत उंच जागा. ३२२ मीटर! आमच्या मलंगगडाला कळलं तर तो पोट धरून हसेल.

शेजारीच पूर्वी चौथाही देश होता, मोरेनेट नावाचा. १८१५च्या सुमारास हद्दी आखताना तिथल्या जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि हॉलंड यांचं जमेना. तेव्हा तो तुकडा कुणाचाच नाही असं ठरवून बाजूला ठेवला, तो राहिला शंभर वर्षं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, तो बेल्जियमकडे गेला. बँकेत ज्याचा मालक सापडत नाही अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि वर्षअखेरीला मॅनेजर तेवढ्यासाठी ओरडतो. इथं अख्खा मुलूख एक शतक सस्पेन्समध्ये पडून होता नि कुणी ओरडलं नाही. त्या फोटोत कन्या खांबाला टेकून अख्खी पोळी खात होती. मी मोठा करून बघितलं. अख्खीच होती.

संध्याकाळी आम्ही उभयता स्टेशनवर गेलो. हॉटेलवाल्यानं "लई दिवसांनी साहेब?" असं विचारलं. सौ. म्हणाली, "पंचवीस तासांचा दिवस आहे आज, म्हटलं वेळ मिळाला." मिसळीचा फोटो काढला. घरी येऊन वहीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं : मिसळ दोन, रुपये १६०. चहा दोन, रुपये ३०. एकूण १९०. खाली सही केली आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "मिसळीच्या एका प्लेटबरोबर दोन पाव येतात. दोन प्लेटींचे चार. फोटोत सहा दिसतायत. हिशेबात नाहीत. फरक कसला?"

मी बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, "हात गेला."